लहरी मेपलची पारख

बास गिटारच्या बॉडीसाठी मेपल निवडणारा कारागीर फळी उजेडात तिरकी धरतो. तंतू सरळ न वाढता नागमोडी वाढले, की फळी कलवताच उजळ-गडद पट्टे जागा बदलतात, धूपछाव पैठणीसारखे. पण हे रूप खुलतं ते कापामुळे. आडव्या लहरींचा ‘फ्लेम’ उठून दिसतो तो वार्षिक वलयं पृष्ठभागाला काटकोनात आली तर. फुगीर उंचवट्यांचा ‘क्विल्ट’ मात्र वलयांना स्पर्शून जाणाऱ्या कापातच दिसतो, म्हणून चुकीच्या दिशेने चिरलेला सुंदर ओंडका वाया जातो. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचा बिगलीफ मेपल क्विल्टसाठी नावाजलेला, घनमीटरला साधारण ५५० किलोंचा. पूर्वेकडचा शुगर मेपल ७०० किलोंचा. रिकनबॅकर ४००१ या बासची बॉडी अशा कडक मेपलची. दोन-दोन तास बास खांद्याला अडकवून वाजवणाऱ्याला हा फरक नक्की जाणवतो. म्हणूनच हलक्या लाकडावर नक्षीदार मेपलचा पातळ थर, एकच तुकडा मधोमध चिरून पुस्तकासारखा उघडून चिकटवलेला, हा शहाणा मार्ग. आणि विक्रेत्याला झाड कुठलं, हे विचारायलाच हवं. वॉशिंग्टन राज्यातल्या गिफर्ड पिंशो राष्ट्रीय वनात अशा मेपलची चोरटी तोड झाली आहे. चोर आधी साल सोलून आतली नक्षी तपासतात, आणि ती नसली तर जखमी झाड तसंच सोडून जातात. बेकायदा तोडलेल्या लाकडाचा व्यापार अमेरिकेच्या लेसी कायद्याखाली गुन्हा आहे. २००८ च्या दुरुस्तीने तो कायदा आणखी कडक झाला.