आरोंद्याची लोकसंख्या किती, आणि कोणत्या महिन्यातली?

१/ गावाचा इतिहास राजांच्या नावांनी लिहिता येतो, तसा माणसांच्या मोजणीनेही लिहिता येतो. सावंतवाडी तालुक्यातील, तेरेखोल खाडीकाठचे आरोंदा घ्या. माझे मत असे की, जनगणनेतील या गावाचा आकडा खरा असला तरी अपुरा आहे. आणि त्याचे अपुरेपण हाच गावाचा अर्वाचीन इतिहास आहे.

२/ आधी सीमा पाहू. खाडीच्या या तीरावर आरोंदा, समोर पेडणे. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी खाडीच्या मुखावरील तेरेखोल किल्ला सावंतवाडीकरांकडून जिंकला. १७८८ मध्ये पेडणेही त्यांच्याकडे गेले. तेव्हापासून १९६१ पर्यंत, म्हणजे १७३ वर्षे, आरोंद्याचा पैलतीर परक्या सत्तेखाली होता.

३/ अलीकडेही एकच राज्य नव्हते. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला ते शिरोडा ब्रिटिश मुलखात, तर आरोंदा सावंतवाडी संस्थानात. काही कोसांच्या परिसरात तीन सत्ता! बोली आणि सोयरीक यांनी खाडी सहज ओलांडली; माणसांची मोजणी मात्र दोन तीरांवर दोन निराळ्या दफ्तरांत झाली.

४/ आता जरा दूर जाऊ. फ्रान्समध्ये ‘कम्यून’ म्हणजे सर्वांत लहान प्रशासकीय घटक. अशी कम्यून सुमारे ३५ हजार आहेत, आणि निम्म्याहून अधिक ठिकाणी ५०० माणसेही राहत नाहीत. तरी बहुतेकांच्या लोकसंख्येचा तक्ता १७९३ पासून सापडतो. महायुद्धात गेलेली पिढी, शहरांकडे निघालेले तरुण, सारे त्या रकान्यांत वाचता येते.

५/ आपल्याकडेही असा तक्ता मांडता येतो. १९५१ पासूनच्या जिल्हा जनगणना पुस्तिकांत गाववार आकडे आहेत. २०११ पर्यंत सात जनगणना, म्हणून सात ओळी. आपल्यापैकी कितीजणांनी स्वतःच्या गावाच्या या सात ओळी एकत्र पाहिल्या आहेत?

६/ पण येथे एक मेख आहे. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. कोकणातील घरे भरतात ती चतुर्थीला आणि मे महिन्यात. फेब्रुवारीत चाकरमानी मुंबईत असतो आणि तेथेच मोजला जातो. ज्या घरात भाद्रपदात वीस पाने मांडली जातात, तेथे प्रगणकाला दोन वृद्ध भेटतात, किंवा दाराला कुलूप.

७/ जिल्ह्याचे आकडे हेच सांगतात. सिंधुदुर्गची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया. राज्यात हेच प्रमाण ९२९. मुंबईच्या गिरण्यांनी एकोणिसाव्या शतकापासून कोकणातील पुरुष ओढून नेले. गिरण्या गेल्या, वाट मात्र मोडली नाही.

८/ कोणी म्हणेल, एक मुक्रर काळ नसेल तर एकच माणूस दोनदा मोजला जाईल. आक्षेप रास्त आहे. जनगणनेची पद्धत बदला, असे मी म्हणत नाही. परंतु ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या ७ ते १७ यांच्या दरम्यान लोकसंख्येवरच ठरते. निधीच्या वाटपातही ती धरली जाते. उतरता आकडा गावाचा आवाज आणि पैसा दोन्ही घटवतो. म्हणून तो का उतरला, याची नोंद गावाजवळ असायला हवी.

९/ २०२१ ची जनगणना झाली नाही. आता २०२७ ची आहे. तत्पूर्वी आरोंद्याच्या तरुणांनी, आणि वाचकहो, तुम्हीही आपापल्या गावात, दुसरी वही उघडावी: जनगणनेच्या सात ओळी, प्रत्येक बंद घर, ते कोणत्या साली बंद झाले, माणसे कोठे गेली.

१०/ यासाठी ताम्रपट लागत नाही, मोडी यावी लागत नाही. चतुर्थीचे पाच दिवस पुरतात. कारण तेव्हा सांगणारे सारे घरीच असतात. ज्यांना कुलूप कधी लागले हे आठवते, ती माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. ती गेल्यावर उरेल तो केवळ आकडा.