प्रौढशिक्षण मोहिमेच्या तावडीतून सोडवा

शाळेचे वय उलटून गेलेल्या स्त्रीपुरुषांच्या शिक्षणाला, म्हणजेच प्रौढशिक्षणाला, महाराष्ट्रात एकशेसत्तर वर्षांचा इतिहास आहे, आणि तरीही दर दहापंधरा वर्षांनी ते जणू कालच सुचले अशा थाटात नव्या नावाने, नव्या बोधचिन्हाने आणि नव्या शपथेने पुन्हा आरंभले जाते. आधीचा प्रयत्न का थांबला याची चौकशी न करताच पुढच्या प्रयत्नाचे उद्घाटन उरकले जाते आणि अपयशाचे खापर फोडायला निरक्षर माणूस हाताशी असतोच : त्याला गोडी नाही, त्याला वेळ नाही, या वयात शिकून काय करायचे असे तोच म्हणतो. प्रस्तुत पत्रकाला हे निदान मान्य नाही. या राज्यातील प्रौढशिक्षण शिकणाऱ्यांच्या अनास्थेने बुडालेले नसून ‘मोहीम’ नावाच्या कार्यपद्धतीने ते वारंवार बुडवले आहे. ठरावीक मुदतीत आकड्याचे उद्दिष्ट गाठण्यासाठी, बहुधा बिनपगारी माणसांच्या बळावर चालवलेला आणि मुदत संपताच गुंडाळला जाणारा उपक्रम, असा मोहिमेचा अर्थ येथे घेतला आहे.

आरंभ मोहिमेने झालेला नव्हता, ही गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात दिवसभर राबणाऱ्या स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली, आणि त्याच वर्षी लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’ या नाटकात जोशाच्या भूलथापांनी नाडले गेलेले कुणबी जोडपे अखेरीस अशाच शाळेची वाट धरते. अक्षरओळख हे तेथे अंतिम साध्य नाही. आपल्याला कोण आणि कसे लुबाडतो हे कळण्याचे ते साधन आहे. ग्रंथांना बक्षिसे देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीने हे नाटक नाकारले, यावरून त्यातील शिक्षणाची कल्पना कोणाला अडचणीची वाटली असावी याचा अंदाज करता येतो.

पुढच्या काळात बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी दुसरा, तितकाच महत्त्वाचा धडा घालून दिला. सक्तीचे प्राथमिक शिक्षण १९०६ मध्ये संस्थानभर लागू केल्यावर, शिकलेला माणूस वाचनाअभावी पुन्हा निरक्षर होतो, ज्याला अभ्यासक पुनर्निरक्षरता म्हणतात, हे त्यांनी ओळखले आणि १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावून मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालये आणि पेट्यांतून पुस्तके पोचवणारी फिरती ग्रंथालये यांची रचना उभारली. शिकवणे आणि वाचायला देणे या एकाच कामाच्या दोन बाजू आहेत, ही समज एका संस्थानिकाला शतकापूर्वी होती; ती लोकशाही शासनाच्या योजनांत अद्याप पुरती उतरलेली नाही. मुंबईतही कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापलेल्या सोशल सर्व्हिस लीगने गिरणीकामगारांच्या वस्त्यांत रात्रशाळा आणि वाचनालये बरोबरीनेच चालवली.

स्वातंत्र्योत्तर काळात प्रौढशिक्षणाला समाजशिक्षण हे नाव आले आणि वर्ग निघत राहिले, परंतु महाराष्ट्राचा खरा मोठा प्रयोग म्हणजे १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू होऊन १९६१ पासून राज्यभर नेलेली ग्रामशिक्षण मोहीम होय. तिच्यामागची कल्पना मोठी होती. एकेका माणसाला गाठण्याऐवजी संपूर्ण गावाने निरक्षरता घालवण्याचा संकल्प करावा, शिक्षकांनी आणि गावातल्या शिकलेल्या मुलांनी शिकवावे, गावकऱ्यांनी जागा आणि साहित्य द्यावे, आणि काम पुरे झाल्यावर ग्रामगौरव समारंभात गावाने ते सर्वांसमोर मिरवावे, अशी तिची रीत होती. सासू आणि सून एका कंदिलाभोवती बसण्याची लाज त्या सामुदायिक उत्साहाने घालवली, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे. परंतु समारंभ झाला की गाव यादीतून उतरत असे आणि अधिकाऱ्यांचे लक्ष पुढच्या गावाकडे वळत असे. नवसाक्षराच्या हाती पुढे काय पडणार, याची तरतूद उत्साहाच्या मानाने फारच तोकडी राहिली. मोहिमेचा खर्च अत्यल्प आला याचे कौतुक झाले, पण ज्या कामावर पैसा खर्च झालेला नसतो ते सोडून देताना सरकारला काहीच गमवावे लागत नाही, हे कौतुक करणाऱ्यांच्या ध्यानात आले नाही.

कमी खर्चाचे हे आकर्षण जुने आणि परदेशी वंशावळीचेही आहे. ‘प्रत्येकाने एकाला शिकवावे’ ही घोषणा ज्यांच्या नावाशी जोडली जाते त्या फ्रँक लॉबॅक या अमेरिकन मिशनऱ्यांच्या फिलिपाइन्समधील केंद्रांवर जागतिक मंदीत पैसा आटला, शिक्षकांचे पगार देणे अशक्य झाले, आणि तेव्हा तेथील एका सरदाराने जो शिकेल त्याने शिकवलेच पाहिजे असा दंडक घातला. पैसा नसताना काढलेला तो तोडगा होता. पैसा असतानाही त्याच तोडग्याला धोरण म्हणणे हा मात्र नंतरच्या राज्यकर्त्यांचा स्वतंत्र शोध आहे.

राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रमाने २ ऑक्टोबर १९७८ रोजी पंधरा ते पस्तीस वयोगटातील दहा कोटी निरक्षरांना पाच वर्षांत शिकवण्याचे उद्दिष्ट ठेवले. साक्षरता, व्यवसायातील कार्यक्षमता आणि सामाजिक जाणीव ही त्याची तीन अंगे होती, त्यामागे शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांच्यासारख्यांचे चिंतन होते, आणि कागदावर तरी याहून समतोल योजना देशात झालेली नाही. केंद्र चालवणाऱ्याला मात्र महिना पन्नास रुपये मानधन होते. त्या रकमेत माणूस तीन अंगे सांभाळील अशी अपेक्षा होती.

त्यानंतर ५ मे १९८८ रोजी राष्ट्रीय साक्षरता अभियान स्थापन झाले आणि संपूर्ण साक्षरता मोहिमांचे पर्व सुरू झाले. केरळमधील एर्नाकुलम हा ४ फेब्रुवारी १९९० रोजी देशातील पहिला पूर्ण साक्षर जिल्हा ठरला आणि १८ एप्रिल १९९१ रोजी कोळिकोडला चेलक्कोडन आयिशा या नवसाक्षर स्त्रीने संपूर्ण राज्य साक्षर झाल्याची घोषणा केली. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग, वर्धा अशा जिल्ह्यांनीही या काळात जिद्दीने काम केले. परंतु या पर्वातील सर्वाधिक बोलकी घटना आंध्र प्रदेशातील नेल्लोर जिल्ह्यात घडली आणि तिच्याकडे सविस्तर पाहिल्याशिवाय प्रौढशिक्षण सरकारांना नेमके कितपत हवे असते हे समजत नाही.

नेल्लोरमधील दुबगुंटा गावच्या मजूर स्त्रिया साक्षरतेच्या वर्गात जाऊ लागल्या. साक्षरोत्तर टप्प्यात, म्हणजे अक्षरओळख झाल्यानंतर, वाचन टिकवण्यासाठी दिलेल्या पुस्तकात गावातल्या बायकांनी एकजुटीने दारूचे दुकान बंद पाडल्याची ‘सीतम्मा’ची गोष्ट होती. ती वाचून, तिच्यावर बोलून, या बायकांनी आपल्या गावचे अरक म्हणजे गावठी दारूचे दुकान बंद पाडले. एका गावाची बातमी दुसऱ्या गावी गेली आणि १९९२ मध्ये जिल्हाभर बायका दुकानांपुढे आणि त्यांच्या लिलावांच्या जागी उभ्या राहिल्या. अबकारी उत्पन्नावर मोठी भिस्त असलेल्या राज्य सरकारला १ ऑक्टोबर १९९३ पासून अरकविक्रीवर राज्यभर बंदी घालावी लागली, आणि पुढे १९९५ मध्ये काही काळ संपूर्ण दारूबंदीही आली. फुल्यांच्या नाटकातील कुणबी जोडप्याने जी वाट धरली तीच या स्त्रियांनी धरली होती. यात पुस्तकाचा वाटा होता, पण त्याहून मोठा वाटा रोज संध्याकाळी एकत्र बसण्याच्या हक्काच्या जागेचा होता. हेच पर्व अन्यत्र मात्र आकड्यांत अडकले : जिल्हे साक्षर झाल्याच्या घोषणा आणि प्रत्यक्ष यश यांतील अंतर अरुण घोष यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने १९९४ मध्येच निदर्शनास आणले, आणि साक्षरोत्तर काम रेंगाळल्यामुळे कमावलेली अक्षरे गळू लागली.

केरळने यावरचा उपाय स्वीकारला. तेथे पी. एन. पणिक्कर यांनी १९४५ मध्ये उभारलेल्या ग्रंथालय संघाच्या चळवळीतून वाचनालयांचे जाळे आधीच विणले गेले होते, आणि घोषणेनंतर राज्याने साक्षरता मिशन प्राधिकरण उभारून चौथी, सातवी, दहावी आणि बारावीच्या समकक्ष अभ्यासक्रमांची शिडी प्रौढांसाठी उभी केली. शंभरी ओलांडलेल्या भागीरथी अम्मा तेथे चौथीच्या समकक्ष परीक्षेला बसू शकल्या, कारण ती परीक्षा घेणारी यंत्रणा दरवर्षी जागेवर होती. महाराष्ट्रात मुरबाड तालुक्यातील फांगणे येथे ८ मार्च २०१६ रोजी सुरू झालेली आजीबाईंची शाळा जगभर गाजली, गुलाबी नऊवारीतील छायाचित्रे सर्वत्र छापून आली. अशी शाळा बातमी ठरावी इतकी ती दुर्मीळ का असावी, हे मात्र कोणी विचारले नाही.

आता वर्तमान. साक्षर भारत ही योजना ८ सप्टेंबर २००९ रोजी सुरू झाली. ग्रामपंचायत पातळीवरील लोकशिक्षण केंद्र आणि तेथे महिना दोन हजार रुपये मानधनावर नेमलेले दोन प्रेरक, अशी व्यवस्थेच्या जवळ जाणारी रचना तिच्यात होती. ३१ मार्च २०१८ रोजी ती बंद झाली आणि प्रेरक घरी गेले. तिच्या जागी २०२२ ते २०२७ या पाच वर्षांसाठी आलेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात, म्हणजेच ‘उल्लास’मध्ये, मानधन घेणारा माणूसच उरलेला नाही; शिकवायचे ते स्वयंसेवकांनी, कर्तव्यभावनेने. पाच कोटी लोकांसाठी एकूण तरतूद १०३७.९० कोटी रुपये आहे, म्हणजे एका माणसाच्या साऱ्या शिक्षणासाठी सुमारे २०८ रुपये. २०११ च्या जनगणनेनुसार देशात पंधरा वर्षांवरील २५.७६ कोटी माणसे निरक्षर होती आणि त्यांतील १६.६८ कोटी स्त्रिया होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे या रकमेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. महाराष्ट्रात निरक्षरांचे सर्वेक्षण शाळेच्या शिक्षकांवर लादले गेले तेव्हा २०२३ मध्ये शिक्षक संघटनांनी त्यावर बहिष्कार टाकला. त्यांना कामचुकार ठरवण्याआधी, मुलांची शाळा सोडून हे काम कोणत्या वेळात करायचे याचे उत्तर शासनाने द्यायला हवे होते. कार्यक्रमाच्या अखेरीस वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांची प्रत्येकी पन्नास गुणांची चाचणी होते, प्रत्येकात तेहतीस टक्के मिळाले की प्रमाणपत्र मिळते आणि माणूस यादीतून जातो. साठ वर्षांपूर्वी गाव यादीतून जात असे, एवढाच फरक.

राज्यांच्या घोषणांचेही तेच. पंचाण्णव टक्के म्हणजे पूर्ण साक्षर अशी व्याख्या केंद्राने केली आणि ३० मे २०२५ रोजी गोवा पूर्ण साक्षर घोषित झाला. राज्याच्या स्वतःच्या पाहणीनुसार प्रमाण ९९.७२ टक्के, तर केंद्राच्या २०२३-२४ च्या आवर्ती श्रमबल सर्वेक्षणानुसार ९३.६० टक्के. दोन आकड्यांमधल्या सहा टक्क्यांत राहणाऱ्या माणसांनी आपण कोणत्या पाहणीत मोडतो हे कोणाला विचारावे?

मुले शाळेत जात आहेत, म्हातारी पिढी सरली की प्रश्न आपोआप मिटेल, असा एक युक्तिवाद सभ्य शब्दांत नेहमी केला जातो. स्वातंत्र्यानंतर चाळीस वर्षे हीच आशा बाळगली गेली आणि १९९१ च्या जनगणनेत सात वर्षांवरील निरक्षरांची संख्या ३२ कोटींहून अधिक निघाली. शिवाय ही माणसे सरण्याची वाट पाहत बसलेली नाहीत, ती आज व्यवहार करत आहेत. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याने मुकादमाकडून घेतलेली उचल वहीत किती लिहिली गेली, वजनपावतीवर किती टन पडले, सात-बाऱ्यावरचे नाव कोणत्या फेरफाराने उडाले, यांतील प्रत्येक ठिकाणी वाचता न येण्याची किंमत रुपयांत मोजली जाते. राज्याच्या लाडकी बहीण योजनेतून स्त्रियांच्या खात्यात दरमहा दीड हजार रुपये येतात हे चांगलेच आहे. परंतु त्यासाठी २०२५ मध्ये सक्तीच्या केलेल्या ई-केवायसीचा, म्हणजे ओळख पडताळणीचा, मोबाइलवर आलेला आकडा जिला वाचता येत नाही, ती तो दुसऱ्याला वाचायला देते, आणि खात्याची किल्लीही त्याबरोबर जाते.

पैसा नाही, हा दुसरा युक्तिवाद. राज्यात सुमारे २८,००० ग्रामपंचायती आहेत. प्रत्येक ठिकाणी महिना दहा हजार रुपयांवर एक कायम लोकशिक्षक नेमला तर वर्षाला ३३६ कोटी रुपये लागतात; याच राज्याने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजनेसाठी ३६,००० कोटी ठेवले, म्हणजे मागितलेली रक्कम तिच्या एक टक्क्यालाही पोचत नाही. जागाही नव्याने बांधायची नाही, कारण १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी हजारो ग्रंथालये राज्यात आहेत आणि त्यांच्यापैकी अनेकांची दारे संध्याकाळी दोन तास वर्तमानपत्रापुरती उघडतात. लोकशिक्षक तेथे बसावा, या शिक्षणकेंद्राला मुदत नसावी, शिकवण्याचा विषय गावाने ठरवावा, आणि चाचणी द्यायचीच असेल तर प्रमाणपत्र मिळाल्यानंतर तीन वर्षांनी तीच माणसे पुन्हा वाचू शकतात का हे तपासून योजनेला गुण द्यावेत.

या मागण्यांचा ठराव येत्या ग्रामसभेत मांडावा, ग्रामपंचायत विकास आराखड्यात या शिक्षणकेंद्राची नोंद करून घ्यावी, ठरावाची प्रत गटविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात देऊन पोच घ्यावी, आणि ठराव मंजूर करण्याआधी तो मोठ्याने वाचून दाखवून गावातील वाचता न येणाऱ्या स्त्रीपुरुषांना काय शिकायचे आहे, कोणत्या वेळी आणि कोठे, ते त्यांच्याच शब्दांत इतिवृत्तात लिहून घ्यावे.