जुना वस्तरा पुन्हा चालता करतांना

आजोबांच्या पेटींत सांपडलेला वस्तरा बहुधा दोन वाटांनीं जातो. एक भंगारवाल्याकडे, नाहीं तर कांचेच्या कपाटांत. आमचें म्हणणें असें कीं, त्यास तिसरीही वाट आहे, व ती रोजच्या श्मश्रूची. शेफील्ड किंवा सोलिंगेन येथील जुनें पोलाद बहुधा उत्तम असतें. थोड्या चिकाटीनें तें पुन्हा कामास येतें. ह्या विलायती पोलादाच्या अभ्यासाशीं आपल्या देशाचाही संबंध आहे. दक्षिणेंतील ‘वूट्झ’ पोलादाचें रहस्य शोधण्याकरितां जेम्स स्टोडार्ट व मायकेल फॅरडे यांनीं १८१९ ते १८२२ च्या सुमारास लंडनमध्यें प्रयोग केले, आणि त्यांतून निघालेल्या मिश्र पोलादाचे वस्तरे फॅरडेनें आपल्या मित्रांस भेट दिले.

पहिलें काम परीक्षेचें. पातें उजेडांत धरून भिंगानें धार पाहावी. धारेपासून पाठीकडे गेलेली चीर दिसल्यास तो वस्तरा दाढीस निरुपयोगी समजावा. पातें गालावर तुटण्याचा धोका राहतो. वरवरचा गंज व लहान दांते यांचें भय नको. मात्र गंजाचे खड्डे थेट धारेंत उतरले असतील, तर निसतांना धार पुनःपुन्हां मोडते. असला वस्तरा आठवण म्हणून ठेवावा.

सक्करदऱ्यांत सायकलीवर चाक बसवून फिरणारे धारवाले विळी व कात्री यांस झटपट धार लावून देतात. त्यांच्या चाकावर वस्तरा मात्र देऊं नये. पातें दोन्ही अंगांनीं पोखरून इतकें पातळ केलेलें असतें कीं, फिरत्या चाकाशीं लागतांच तें तापतें. सुमारें ३०० अंशांवर पोलाद निळें पडतें. आणि निळें पडलें म्हणजे त्याचें पाणी उतरलेंच. मग कितीही निसलें तरी धार टिकत नाहीं.

मूठही तपासावी. शिंगाची मूठ वाळून तडकते, तिला गोडें तेल चोळावें. सेल्युलॉइडची मूठ जुनी झाली कीं आम्ल वाफ सोडून पात्यास गंज चढवते. घांसतांच कापराचा वास आला तर ती सेल्युलॉइडची समजावी, कारण त्या पदार्थांत कापूर असतोच. ती लवकर पेट घेते, म्हणून विस्तवापासून दूर ठेवावी. मूठ हस्तिदंताची असेल तर विकण्याचा विचार मनांत आणूं नये; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें तो व्यापार बंद आहे.

गंज काढण्यापूर्वीं धारेवर चिकटपट्टी लावावी. मग बुचाच्या तुकड्यास पाण्यांत चालणारा ६०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून पात्याच्या लांबीच्या दिशेनें घांसावें. पुढें १००० व २००० नंबरचा घ्यावा. शेपटीवरील कारखान्याचा ठसा घांसून टाकूं नये.

निसण्याचा दगड अगदीं सपाट हवा. सुरुवात १००० नंबरच्या दगडावर करावी. पाठ व धार हीं दोन्हीं एकाच वेळीं दगडास टेकलेलीं पाहिजेत, कारण पाठच धारेचा कोन ठरवते. तो सुमारें १७ अंशांचा असतो. धार पुढें करून पातें न्यावें व परततांना पाठीवरून उलटावें. दाब पात्याच्या वजनाहून फार अधिक नको. हाताची लव सबंध लांबीवर सारखी कापूं लागल्यावरच ४००० व ८००० नंबरकडे, आणि शेवटीं १२००० कडे जावें. पहिल्या दगडावर घाई झाली, तर पुढचे दगड ती उणीव भरून काढीत नाहींत.

यानंतर कातड्याचा पट्टा. तेथें रीत उलटी. पाठ पुढें, धार मागें. पट्टा ताणून धरावा व ५० फेरे द्यावे. दाढीपूर्वीं केंस कोमट पाण्यानें मऊ करावे, कातडी ताणावी व पातें सुमारें ३० अंशांत धरावें. पहिला आठवडा फक्त गालांवर हात बसवावा, हनुवटी नंतर. केंस ओढले जात असतील तर जोर न लावतां पट्ट्याकडे परतावें.

एकत्र कुटुंबांत ‘घरचा वस्तरा’ अशी भाषा चालते, ती येथें सोडली पाहिजे. कावीळ ‘ब’ व ‘क’ आणि एच.आय.व्ही. हे रक्तावाटे पसरतात. म्हणून ज्याचा वस्तरा त्यानेंच वापरावा. नागपुरांत उन्हाळा ४५ अंशांपलीकडे जातो तेव्हां शिंग व कातडें वाळतें, आणि मृग लागला कीं गंजाचा हंगाम सुरू होतो. वस्तरा पुसून, तेलाचा हात फिरवून, न्हाणीघराबाहेर व मुलांच्या हातीं न लागेल असा ठेवावा.

ह्या हत्याराविषयीं आणखी एक गोष्ट आपल्या घरांनीं विसरूं नये. विधवांच्या केशवपनास जो वस्तरा येई, तो नाभिकाच्या धोकटींतला असे, घरचा नव्हे. पण बोलावणें घरचेंच असे. १८९० सालीं मुंबईच्या नाभिकांनीं, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें सभा भरवून, हें काम करणार नाहीं असा ठराव केला. ज्यांची उपजीविका वस्तऱ्यावर, त्यांनीं नकार दिला. आणि बोलावणारीं बहुतेक घरें त्या वेळींही गप्पच होतीं. पुढें ती चाल गेली, पण जिच्या डोक्यावरून वस्तरा फिरला अशी एखादी आजी वा पणजी पुष्कळ कुळांत होऊन गेली आहे. तिचें नांवही कित्येक घरांत आतां कोणी घेत नाहीं.

म्हणून आजोबांचा वस्तरा निसून नातवाच्या हातीं देतांना धार धरण्याची रीत त्यास शिकवावी, आणि ही हकीकतही त्याच बैठकींत सांगावी. घरांतील मुलींनींही ती ऐकावी.