परसातला तास : पॅनेलला कोन किती?

मंडळी, सोलर पॅनेल छपरावर बसवले, तर कोन बहुधा छप्परच ठरवतं. परसात जमिनीवर बसवायचे असतील, तर तो आपल्याला ठरवावा लागतो, तोही खांबांच्या पायात काँक्रीट पडण्याआधी. पुढची पंचवीसेक वर्षं तोच राहणार, म्हणून यंदाचा तास त्यावर.

नाशिकहून भावोजींचा सल्ला आला, "वीस अंश ठेवा, आमचं छान चाललंय." त्यांचं त्यांच्या जागी बरोबरच आहे. कोन अक्षांशाइतका ठेवावा, हा जुना ठोकताळा, आणि नाशिक २० अंशांवर आहे. आमचं न्यू जर्सी मात्र ४० अंशांवर. इथे भर दुपारचा सूर्य जूनमध्ये क्षितिजापासून साडेत्र्याहत्तर अंश चढतो, तर २१ डिसेंबरला जेमतेम साडेसव्वीस.

मग सरळ ४० ठेवायचे? आधी विचारा, वीज हवी कधी? ग्रिडला जोडलेल्या घराची उन्हाळ्यातली जादा युनिटं न्यू जर्सीत वर्षभराच्या हिशोबात जमा राहतात आणि हिवाळ्यात कामी येतात. त्यामुळे वर्षाची बेरीज महत्त्वाची. उन्हाळ्यात दिवस मोठे असल्यानं ती ३० ते ३५ अंशांवर चांगली जमते. ग्रिड नसलेल्या घराची परीक्षा मात्र डिसेंबरमध्ये. त्यांना ५५ ते ६० अंश बरे. बर्फही लवकर घसरतो.

पाच अंश इकडेतिकडे झाले, तर वर्षाच्या उत्पन्नात फार तर एखाद-दोन टक्क्यांचा फरक पडतो. त्यावरून बसवणाऱ्याशी वाद घालू नका. वाद घालायचाच, तर दिशेवरून आणि सावलीवरून घाला. इथे होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेच्या सुमारे १२ अंश पश्चिमेला कलते, तेवढा फरक धरूनच दक्षिण ठरवा.

सावलीसाठी घरच्या मुलांना कामाला लावा. तिळगूळ आपण जानेवारीत वाटतो, पण सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१ डिसेंबरच्या सुमारास. त्या दिवशी दुपारी बाराला परसात एक मीटरची काठी उभी करा. सावली दोन मीटर भरेल. पॅनेलच्या दोन रांगांत किती अंतर हवं, याचा अंदाज तिथेच येईल. सकाळ-संध्याकाळची सावली याहून लांब, म्हणून थोडं जास्तच सोडा. मग सकाळी नऊ ते तीनपर्यंत तासातासाला बघा, शेजारच्या मेपलची सावली कुठवर येते. ती जागा सोडा. तिथे कोन कितीही अचूक असला, तरी उपयोग नाही.