योगाची पहिली पायरी

दरवर्षी २१ जून रोजी मैदाने भरतात, मंत्र्यांची छायाचित्रे झळकतात आणि योगाच्या थोरवीवर भाषणे होतात. डिसेंबर २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने या दिवसाला मान्यता दिली, याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु ज्या विद्येचा हा उत्सव, तिचा आशयच या सोहळ्यात हरवतो.

पतंजलीच्या योगसूत्रांत आसनाविषयीची सूत्रे अवघी तीन आहेत. अष्टांगांत आसनाचा क्रम तिसरा लागतो. पहिले अंग यमांचे, आणि पाच यमांत अहिंसा, सत्य, अस्तेय यांच्या जोडीला अपरिग्रह आहे. म्हणजे संचयाचा त्याग ही या मार्गाची पहिली पायरी होय. आज त्याच योगाच्या नावावर कोट्यवधींचा व्यापार चालतो, हा केवढा विपर्यास!

महाराष्ट्रातील परंपरा याहून निराळी आहे. नाथपंथातून आलेली योगविद्या ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात लोकभाषेत मोकळी केली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून ती प्रयोगाच्या कसोटीस लावली. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये राज्यघटना देऊन संस्थानचा कारभार प्रजेच्या हाती सोपविला. ज्ञान सर्वांना खुले करणे, ते तपासून घेणे आणि सत्तेचाही मोह सोडणे, हा तो वारसा आहे.

योगाभ्यासाचे लाभ खरे आहेत, तसेच ते मर्यादितही आहेत. जुनाट कंबरदुखी काहीशी कमी होते, रक्तदाब थोडा उतरतो, मनावरील ताण हलका होतो. मात्र क्षयरोग औषधांनीच बरा होतो आणि उपाशी पोटाला अन्नच लागते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला. खाड्याचा दंड चुकविण्यासाठी ज्यांना शरीराचा अवयव गमवावा लागला, त्यांना प्राणायामाचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा ठरेल.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. ते पाळले गेले नाही. सतरंज्या अंथरणे स्वस्त असते, दवाखाने उभारणे महाग! आरोग्य ही व्यक्तीची खासगी जबाबदारी ठरली की शासन मोकळे होते.

म्हणून कार्यकर्त्यांनी योगाची टवाळी करू नये, तो सत्ताधाऱ्यांच्या स्वाधीनही करू नये. वस्तीत, कामगार चाळीत योगवर्ग अवश्य चालवावेत. पण त्याच सतरंजीवर बसून आठ तासांचा दिवस, पगारी रजा आणि सुसज्ज प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्या मागण्यांचे अर्जही लिहावेत. अपरिग्रहाचा खरा अभ्यास तेथूनच सुरू होईल.