बेगमी कोणी करायची?

अलीकडे आपल्या ऑफिसांतून आणि ट्रेनिंग सेंटरांतून एक नवे कीर्तन सुरू झाले आहे. टाय लावलेला एक गृहस्थ येतो, पडद्यावर रंगीत चित्रे दाखवतो आणि सांगतो की प्रत्येक कर्मचाऱ्याने सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढून ठेवावा. घरात महिन्याभराचे धान्य, औषधे, पाणी, बॅटरी असा साठा ठेवावा. उद्याचे काही सांगता येत नाही, हे त्याचे पालुपद. शेवटी तो कुठल्यातरी पॉलिसीचा फॉर्म पुढे सरकवतो आणि आपली माणसे मुकाट्याने सही करतात.

उद्याचे सांगता येत नाही हे खरेच आहे. पण ही पाळी कामगारावर कोणी आणली, हे मात्र त्या पडद्यावर कधी दिसत नाही.

बेगमी आम्हाला शिकवायला नको. गँगमनच्या आणि पोस्टमनच्या घरात ती पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. उन्हाळा लागला की कुरडया, पापड, सांडगे होतात. तूरडाळीला ऊन देऊन एरंडेलाचा हात फिरवला जातो. गव्हात कडुनिंबाचा पाला पडतो. कोकणात आगोटीची खरेदी होते, मीठ आणि सुकी मासळी भरली जाते. गोव्यात पुरुमेंत करतात. हुबळी, इटारसी, खांडवा, सिकंदराबाद अशा परमुलखातल्या रेल्वे क्वार्टरांत राहणारी आपली मराठी कुटुंबेही मे महिन्यात खाटेवर धोतर पसरून हेच करतात, आणि शेजारचे तेलुगू, हिंदी कुटुंब कौतुकाने पाहते. म्हणजे प्रश्न शहाणपणाचा नाही. डबा भरायला डब्यात घालण्याजोगे हातात उरले पाहिजे, हा प्रश्न आहे.

आता आपल्या रेल्वेकडेच बघा. पावसाळ्याआधी इंजिनिअरिंग खाते ‘मान्सून रिझर्व्ह’ तयार ठेवते. दगड, वाळू, मातीची पोती वॅगनमध्ये भरून ठरलेल्या स्टेशनांवर उभी असतात. घाटात दरड कोसळली, भराव वाहून गेला, की माल शोधत बसायला वेळ नसतो. ॲक्सिडेंट रिलीफ ट्रेन सायडिंगला सज्ज असते, तिच्यातले सामान यादीप्रमाणे तपासले जाते, हूटर वाजला की ठरलेल्या मिनिटांत ती निघालीच पाहिजे. गार्डच्या पेटीत, गेटमनच्या खोलीत, कीमनच्या पिशवीत डिटोनेटर असतात. वर्षभरात एकदाही लागले नाहीत म्हणून कोणी ते काढून घेत नाही. आणि साथींनो, डिटोनेटर तुझ्या पगारातून विकत आण असे आजवर कोणी गार्डला सांगितलेले नाही!

रुळाची बेगमी प्रशासनाच्या खर्चाने आणि रूळ सांभाळणाऱ्या माणसाची बेगमी त्याच्या स्वतःच्या खर्चाने, हा कुठला न्याय? सरकार देशासाठी अन्न महामंडळाच्या गोदामात गहू-तांदळाचा साठा ठेवते. तो ठेवलाच पाहिजे. मग जो कामगार ते धान्य देशभर वाहून नेतो, त्याच्याच घरचा साठा तेवढा त्याच्या खाजगी हौसेचा विषय कसा होतो?

याचे मूळ वेतनाच्या हिशेबात आहे. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारित किमान वेतनाचे सूत्र ठरवले. कुटुंबाचे तीन घटक धरले, माणशी अन्न धरले, वर्षाला ७२ वार कापड धरले, घरभाडे धरले, इंधन-दिवाबत्ती आणि इतर किरकोळ खर्चासाठी वीस टक्के धरले. फार मोठी गोष्ट झाली. ती पदरात पडावी म्हणून १९६० च्या जुलैमध्ये केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना संप करावा लागला. पण ते सूत्र नीट वाचा. त्यात आजच्या जेवणाचा हिशेब आहे, उद्याच्या जेवणाचा नाही. म्हातारे आईबाप नाहीत, आजारपण नाही, शिल्लक नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या खटल्यात सांगितले की मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभ, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी आणखी पंचवीस टक्के धरले पाहिजेत. म्हणजे चौतीस वर्षांनी न्यायालयाला म्हातारपण आठवले. संकटकाळच्या साठ्याचा स्वतंत्र रकाना तिथेही नाही. सातव्या वेतन आयोगाने २०१६ पासून १८,००० रुपये किमान वेतन ठरवले तेही याच सूत्राची ओढाताण करून, आणि घटक तेच तीन धरून. ज्या पगारात साठ्याचा रकानाच नाही त्या पगारातून साठा कर म्हणणे म्हणजे रिकाम्या वॅगनची अनलोडिंग लावण्यासारखे आहे.

बरे, जे थोडे होते तेही काढून घेतले. नैसर्गिक आपत्तीसाठी बिनव्याजी उचल मिळत असे. पूर आला, घर पडले तर हातात काही पडत होते. सणाची उचल मिळत असे. सातव्या आयोगाच्या शिफारशीवरून या दोन्ही बंद झाल्या. २०२० साली बाजारात मागणी नाही म्हणून सरकारला अचानक कामगाराची आठवण झाली आणि एकाच वेळेपुरती दहा हजारांची उचल कार्डावर देण्यात आली. ती कामगाराची गरज म्हणून नव्हे, दुकानदाराचा माल खपावा म्हणून!

आणि त्याच वर्षी महागाई भत्ता गोठवला. जानेवारी २०२०, जुलै २०२० आणि जानेवारी २०२१ असे तीन हप्ते अडकवून ठेवले. जुलै २०२१ पासून दर १७ वरून २८ टक्के केला, पण मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी दिली नाही. सरकारने संसदेत सांगितले की यात ३४,४०२ कोटी रुपये वाचले. कोणाचे वाचले? सगळ्यात खालच्या, १८,००० मूळ वेतनाच्या माणसाचा हिशेब मांडा: पहिले सहा महिने चार टक्के, पुढचे सहा सात टक्के, शेवटचे सहा अकरा टक्के. एकूण २३,७६० रुपये होतात. हीच त्या घरची बेगमी होती. साथ आली तेव्हा ती फोडायची, तर ती आधीच दुसऱ्याने नेलेली. तेव्हा पार्सल गाड्या चालत होत्या, मालगाड्या चालत होत्या, पोस्टमन दारोदार औषधे आणि म्हाताऱ्यांच्या पेन्शनचे पैसे पोचवत होते. काम गोठले नव्हते, भत्ता तेवढा गोठला.

आपल्यापैकी पक्क्या नोकरीतल्यांना निदान पगार मिळत राहिला. स्टेशनवरचा लायसन्सवाला हमाल, कंत्राटी सफाईवाला, स्टॉलवरचा पोऱ्या यांचे काय? गाड्या थांबल्या त्या दिवशी हमालाची कमाई शून्यावर आली. आणि ८ मे २०२० ची पहाट कोणता रेल्वे कामगार विसरेल? जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मजूर मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी जायला निघाले होते. चालून थकले, गाड्या बंद आहेत समजून करमाडजवळ रुळावरच निजले. मालगाडीखाली सोळाजण गेले. चालकाने गाडी थांबवण्याचा प्रयत्न केला, जमले नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत रुळावर विखुरलेल्या पोळ्यांचे फोटो आले. ती त्यांची बेगमी. प्रत्येकाने आपापली बांधून घेतलेली. कमी पडले ते अन्न नव्हते साथींनो, त्यांच्या पाठीशी उभे राहणारे कोणीच नव्हते.

४६ वर्षांपूर्वी त्याच तारखेला, ८ मे १९७४ रोजी, आपला संप सुरू झाला होता. त्या संपाच्या मागण्या विचारल्या तर तरुण पोरे बोनस आणि आठ तासांची ड्युटी सांगतात. आणखी एक मागणी होती, ती आपणही विसरलो: रेल्वेने स्वतः दुकाने चालवून कामगारांना पुरेसे धान्य आणि जीवनावश्यक वस्तू सवलतीच्या दराने द्याव्यात. ती हवेतून आलेली नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेल्वेने कामगारांसाठी धान्य दुकाने चालवली होती, १९४८ साली त्यांच्याबद्दल चौकशी समितीही बसली होती, आणि पुढे ती बंद पडली. १९७२ च्या दुष्काळाने लोकांना सुकडी आणि मिलो खायला लावली, त्यानंतर भाव भडकले, आणि कामगाराला ती दुकाने पुन्हा आठवली. म्हणजे आपल्या आधीच्या पिढीने बेगमी ही घरची बाब मानली नाही. ती मागणीपत्रात लिहिली!

तो संप वीस दिवस टिकला. हजारोंना अटक झाली, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, क्वार्टरांतून बायकामुलांना बाहेर काढले, कित्येक ठिकाणी वीज-पाणी तोडले. जुने कार्यकर्ते आजही सांगतात की ज्या वसाहतीत प्रत्येक घर आपापल्या डब्यावर विसंबून होते तिथे आठव्या-दहाव्या दिवशी पहिला माणूस कामावर गेला, आणि जिथे बायांनी पीठ एकत्र करून एक चूल पेटवली तिथली माणसे शेवटपर्यंत हलली नाहीत. याचा पुरावा म्हणून माझ्याकडे कागद नाही. पण १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपाचे उदाहरण सगळ्यांसमोर आहे. अडीच लाखांच्या आसपास कामगार इतके दिवस तग धरू शकले ते बरेचसे गावाकडून आलेल्या धान्यावर. आज आपल्या मुलांना तसे गाव उरलेले नाही. ग्रामीण डाक सेवकांनी २०१८ च्या मे-जूनमध्ये दोन आठवड्यांहून जास्त संप केला, तोही तुटपुंज्या भत्त्यावर घर चालवत. त्या दिवसांत आपल्यापैकी किती शाखांनी त्यांच्या घरी पोतेभर गहू पाठवला? पाठिंब्याच्या तारा मात्र पुष्कळ गेल्या. (तार सेवा २०१३ सालीच बंद झाली हे मला ठाऊक आहे, पण आपल्या पाठिंब्याचा प्रकार अजून तोच आहे.)

काही साथी म्हणतील, सेक्रेटरीसाहेब, घरात साठा करू नये असे तुमचे म्हणणे आहे काय? तसे मुळीच नाही. ज्याला जमेल त्याने जरूर करावा. महिन्याभराचे धान्य घरात ठेवणे ही साठेबाजी नव्हे. पण मार्च २०२० मध्ये गाडी घेऊन आलेल्यांनी दुकानांची फळ्या-कपाटे रिकामी केली आणि संध्याकाळी ड्युटी संपवून आलेल्या ट्रॅकमनला तेल मिळाले नाही, हेही पाहिले आहे. प्रत्येकाने आपले दार लावून घेतले की शेवटी ज्याचे दार भक्कम त्याचाच निभाव लागतो, आणि कामगाराचे दार भक्कम कधीच नसते. महिन्याच्या साठ्याला महिन्याची सीमा आहे. ऑपरेशन निघाले, बदली झाली, सस्पेन्शन आले, की तो संपतो. एक जानेवारी २००४ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शनही गेली. तिच्या जागी आलेल्या योजना बाजाराच्या आणि नियमांच्या भरवशावर. पेन्शन म्हणजे तरी काय होते? जन्मभर भरलेली कणगीच होती. ती आपण एकेकट्याने नव्हे, सगळ्यांनी मिळून मिळवली होती.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. आठव्या वेतन आयोगापुढे किमान वेतनाची मांडणी करताना आपल्या फेडरेशनने संकटकाळच्या साठ्याचा स्वतंत्र रकाना मागावा, घटक तीनऐवजी पाच धरावेत म्हणजे आईबाप त्यात येतील, आणि आपत्तीची बिनव्याजी उचल पुन्हा सुरू करण्याची मागणी त्याच पानावर लिहावी. अठरा महिन्यांची थकबाकी वेगळी, ती सोडायची नाही.

दुसरी गोष्ट आपल्या हातातली आहे, तिला कोणाची मंजुरी लागत नाही. प्रत्येक शाखेने सामायिक साठा सुरू करावा. चारशे सभासदांच्या शाखेत महिन्याला माणशी पन्नास रुपये काढले तर वर्षाला दोन लाख चाळीस हजार होतात. निम्मी रक्कम पतपेढीत ठेवावी, निम्म्याचे धान्य, डाळ, तेल घ्यावे. ग्राहक सोसायटीचे गोदाम असेल तर जागेचा प्रश्न नाही; नसेल तर युनियन ऑफिसातल्या जुन्या पोस्टरांचे गठ्ठे हलवले तरी बरीच जागा होईल. धान्य पडून राहू द्यायचे नाही. जुना माल दिवाळीला आणि मे महिन्यात सभासदांना खरेदीच्या भावाने विकायचा आणि नवा भरायचा, म्हणजे कीड लागत नाही. साठा फोडायचा केव्हा हे आधीच लिहून ठेवायचे: संप, पूर, सस्पेन्शन, घरातला कमावता माणूस गेला, कंत्राट तुटले. हमाल, कंत्राटी कामगार आणि डाक सेवक यांनी वर्गणी दिली असो वा नसो, त्यांचे नाव यादीत असलेच पाहिजे. यावर काहीजण कुरकुरतील, कुरकुरू द्या. वही सगळ्यांना बघायला उघडी ठेवायची.

आमच्या शाखेत हा ठराव पावसाळ्यापूर्वीच्या सर्वसाधारण सभेत येत आहे. चावी दोघांकडे असावी, एक खजिनदाराकडे आणि एक महिला समितीकडे, असे मी सुचवले आहे. पहिल्या चावीबद्दल कोणाची तक्रार नाही. दुसरीवरून कमिटीत वाद चालू आहे. इतर शाखांनी आपल्याकडे काय केले ते या पानांकडे लिहून पाठवावे.