भरतीआधी दमसास मोजा

प्रति,
चंद्रपूर व गडचिरोलीचे जिल्हा क्रीडा अधिकारी आणि पोलीस व वन विभागाचे भरती अधिकारी,


एटापल्ली, भामरागड, जिवतीकडची मुलं-मुली पहाटे डांबरी रस्त्यावर ग्राउंडची तयारी करताना आपणही पाहता. पोलीस भरतीला मुलांना 1600 मीटर, मुलींना 800; वनरक्षकाला 5 आणि 3 किलोमीटर. निवडीसाठी धाव हवीच. पण तेवढ्यावरून कुणाचा दमसास किती, हे कळत नाही. 800 मीटरमध्ये वेगाचा वाटा मोठा असतो, आणि 1600 मध्ये पहिली फेरी जोरात काढली की चांगल्या दमाचा मुलगाही मागे पडतो.

केनेथ कूपर यांची 12 मिनिटांची धाव 1968 पासून प्रसिद्ध आहे. त्या वेळात 2400 मीटर काटले, तर शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे 42 मिलिलिटर प्राणवायू वापरू शकतं, असा अंदाज निघतो. मात्र तिला मोजलेला ट्रॅक लागतो, आणि वेग राखायची सवय नसलेल्यांचा आकडा खरा येत नाही. पायरी चाचणीला जागा लागत नाही: 41.3 सेंटिमीटरच्या पायरीवर 3 मिनिटं चढउतार, मग नाडी मोजायची. पण ठेंगण्या मुलीला ती पायरी जड जाते, आणि आपल्याकडे नाडी उन्हानंही चढते.

म्हणून माझा कौल 20 मीटरच्या बीप टेस्टला. फक्कीच्या दोन रेघा, मोबाइल आणि स्पीकर एवढ्यावर अख्खा वर्ग रेघांमध्ये ये-जा करत एकदम धावतो. वेग ताशी साडेआठ किलोमीटरपासून दर मिनिटाला अर्ध्या किलोमीटरनं वाढतो, आणि तो बीप ठरवते. वळणं मात्र आधी शिकवावी लागतात.

2018 मध्ये चंद्रपूरच्या आश्रमशाळांतले पाच विद्यार्थी एव्हरेस्टवर पोचले. त्यांना आधी पारखलं होतं, मग घडवलं होतं. भरतीच्या मुलांना हे का मिळू नये?

एक अट मात्र सोडू नका. आपल्या भागात सिकलसेल आहे. रुग्णांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय धावायला लावू नका. नुसत्या वाहकालाही ऊन, तहान आणि अति श्रम एकत्र आले तर जिवाचा धोका असतो. वाहकांना वगळू नका. तपासणी आधी करा, पाणी ठेवा, थांबायची मुभा द्या.

येत्या नोव्हेंबरात प्रत्येक तालुक्यात सकाळी पहिली चाचणी घ्या, फेब्रुवारीत त्याच मैदानावर दुसरी, आणि दोन्ही आकडे मुलांच्या हाती द्या. रेघा आखायला आणि नोंदी ठेवायला आम्ही शिक्षक येऊ.

आपला,
एक क्रीडाशिक्षक